बाह्यांची रजई

नवऱ्याची जयपूरला बदली झाली, तेव्हा मी सगळ्यात आधी कपड्यांचा विचार केला. आम्ही कराडचे. नवरा विमा कंपनीत अधिकारी, मी गणित शिकवणारी. जयपूर म्हणजे वाळवंटाच्या वाटेवरचं गाव, तिथे बारा महिने सुती कुडत्यांवर भागेल असं मी धरून चालले आणि घरातले होते नव्हते तेवढे गरम कपडे नणंदेला देऊन टाकले. घेताना तिने दोनदा विचारलं, "नक्की ना वहिनी?" मी म्हटलं, "अगं, तिकडे उंट असतात."

पहिल्याच डिसेंबरात, सकाळी साडेसहाला, मालवीय नगरच्या एका कोपऱ्यावर उभी राहून मी या उत्तराचा विचार करत होते. मुलांच्या शाळेची व्हॅन तिथे यायची. धुकं इतकं की व्हॅन दिसायच्या आधी तिचा हॉर्न ऐकू यायचा, आणि आत चढवलेलं मूल आपलंच आहे ना, हे टोपीच्या रंगावरून ठरवावं लागायचं. एकदा मी माझ्या सहा वर्षांच्या मुलाला सोडून भलत्याच मुलाच्या गालाची पापी घेतली. तोही काही बोलला नाही. थंडीत कोण कुणाशी भांडणार?

त्या गावात हिवाळ्याच्या एका दिवसात चार ऋतू बसवलेले असतात. व्हॅनपाशी दात वाजायचे. सव्वासातला स्कूटरवर गुडघे बधिर व्हायचे. मी जिथे शिकवायची त्या कोचिंग क्लासच्या बंद खोलीत पन्नास मुलं बसलेली असायची, तिथे दुसरं समीकरण सुटेपर्यंत घाम फुटायचा. बाराला बाहेर लख्ख ऊन. पाचच्या बॅचला निघताना पुन्हा दात. मी नवीन आणलेल्या कपड्यांचे थर चढवायची आणि उतरवायची. आत थर्मल, त्यावर कुडता, त्यावर कार्डिगन, त्यावर जॅकेट, त्यावर शाल, हातमोजे, कानटोपी, वर हेल्मेट. शिकवता शिकवता एकेक उतरत जायचं. एक मुलगी शंका विचारायला उभी राहिली, मी म्हटलं, "एक मिनिट रुको, पहले ये निकालने दो," आणि कार्डिगन डोक्यातून काढेपर्यंत ती शंकाच विसरली.

जानेवारीच्या सुरुवातीला एक दिवस असा आला की मी क्लासच्या खुंटीवरून माझं जॅकेट समजून चौकीदाराचा खाकी ओव्हरकोट उचलला आणि संपूर्ण तास त्यात शिकवला. खांद्यावर पट्ट्या होत्या, कमरेला पट्टा होता. मुलांनी चकार शब्द काढला नाही. उलट त्या दिवशी वर्ग कधी नव्हे इतका शांत होता. तास संपल्यावर बाहेर आले तर फाटकावर साठीचा, पिळदार मिशांचा चौकीदार माझं मोतिया बटणांचं जांभळं कार्डिगन घालून, हातात काठी घेऊन, ताठ उभा होता. "मैडम, ठंड थी," तो म्हणाला. आम्ही फाटकातच कपड्यांची अदलाबदल केली. त्याने माझं कार्डिगन नीट घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "अच्छा है, पर जेब नहीं है."

खिसे नाहीत! माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ त्या अशिक्षित माणसाने एका तासात ओळखलं होतं. मी घरी आल्यावर ठरवलं की आता थर नकोत. एकच कपडा हवा. गरम हवा पण हलका हवा, स्कूटरवर चालेल असा, धुता येईल असा, भरपूर खिशांचा, आणि मुख्य म्हणजे घातल्यावर मी बरी दिसायला हवी. अडतिसाव्या वर्षी ही अपेक्षा जास्त नव्हती.

आमच्या खालच्या मजल्यावर जयपूरच्याच एक भाभीजी राहायच्या. त्यांच्या दोन मुली आमच्याच मुलांच्या व्हॅनने जायच्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि रविवारी मला सोडाला भागातल्या एका शिंप्याकडे नेलं. मास्टरजी उन्हाळ्यात शाळेचे गणवेश शिवतात आणि हिवाळ्यात रजया. हात सोन्याचा आहे, असं त्यांनी रिक्षात सांगितलं. तेव्हाच माझ्या मनात शंका यायला हवी होती.

मास्टरजी सत्तरीचे असतील. पांढरी दाढी, नाकाच्या टोकावर चष्मा, आणि ऐकताना डोळे मिटून घ्यायची सवय. माझी हिंदी तेव्हा आतासारखी नव्हती. शाळेत शिकलेली, कराडच्या हवेत वाढलेली. मी म्हटलं, "रजई जैसा चाहिए. हल्का और गरम." त्यांनी मान डोलावली. "ढीला रखना. आराम पाहिजे... आराम चाहिए." त्यांनी पुन्हा मान डोलावली आणि हा शब्द वहीत लिहून घेतला. मग डोळे उघडून विचारलं, "जेब में क्या-क्या रखेंगी?"

हा प्रश्न आजवर मला एकाही शिंप्याने विचारला नव्हता. मी भारावून सगळी यादी सांगितली. मुलाचा डबा, पाण्याची बाटली, खडू, डस्टर, लाल पेन, स्कूटरची किल्ली, घराची किल्ली, मुलाचे हातमोजे, त्यातला एक हरवला तर म्हणून तिसरा हातमोजा, आणि एक संत्रं. मास्टरजींनी भाभीजींच्या पिशवीतून डबा मागून घेतला आणि त्याची लांबी, रुंदी, उंची मापली. बाटली मापली. संत्रं नव्हतं, तर समोरच्या गाड्यावरून एक मागवून त्याचा घेर मापला. माझं माप घ्यायचं ते विसरलेच. मी आठवण केल्यावर त्यांनी दोन पावलं मागे सरून मला नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "आ जाएगा."

आठवड्याने कोट तयार झाला. अजूनही त्याला मी कोटच म्हणते. मास्टरजींनी माझा शब्द न् शब्द पाळला होता. मी म्हटलं होतं रजईसारखा, तर त्यांनी खरीखुरी रजई घेतली होती, कापूस पिंजून भरलेली, हाताने टाके घातलेली, आणि तिला बाह्या लावल्या होत्या. बाहेरून निळ्यावर विटकरी बुट्टे, आतून हळदी रंग, आणि उलटा करून घातला तरी चालेल असा. लांबी पोटरीपर्यंत. दहा खिसे. आणि गळ्याला मागे एक लोड. लोड म्हणजे लोडच, मनगटाएवढा जाड, कापसाने भरलेला, मानेभोवती अर्धा फिरणारा.

"ये क्या है?" मी विचारलं.

मास्टरजी दुखावले. त्यांनी वही उघडून माझ्यासमोर धरली. "आपने ही तो कहा था, आराम चाहिए."

मी आरशासमोर उभी राहिले. हसून परत द्यायचा असं मी ठरवलं होतं, पण एक अडचण झाली. मी त्यात सुंदर दिसत होते. लग्नानंतर पहिल्यांदाच कुठलातरी कपडा माझ्या खांद्यांवर असा पडला होता की जणू खांद्यांना काही कामच नाही. भाभीजी म्हणाल्या, "बहुत जँच रहा है." मी तो घालूनच घरी आले.

दार नवऱ्याने उघडलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अगं, पाहुणे मुक्कामाला आले तर मग तू काय घालणार?"

माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. जयपूरला सहा-सात महिने झाल्यावर तिची मराठी हिंदीच्या पाटावर जेवायला बसल्यासारखी झाली होती. ती म्हणाली, "आई, तू रजई पहनून शाळेत नको येऊ. मतलब, मी तुला पहचानणारच नाही." मुलगा मात्र काही न बोलता खिशांत हात घालत सुटला, आणि सातव्या खिशात हात कोपरापर्यंत गेल्यावर त्याने समाधानाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी कोट घालून व्हॅनपाशी गेले. वारा आत शिरत नव्हता. डबा खिशातून निघाला तो गरम. स्कूटरवर गुडघे झाकले गेले. वर्गात तो खुंटीला टांगला, तर खाली मी काढलेली चप्पल राहिली आणि उशिरा आलेल्या एका मुलाने त्याला "गुड मॉर्निंग मैम" म्हटलं. एकूण पाच दिवस सगळं उत्तम चाललं. सहाव्या दिवशी, शनिवारी, शाळेत पालकसभा होती.

पालकसभेला नंबराची चिठ्ठी मिळायची आणि वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसून राहायचं. नवऱ्याला ऑफिसचं काम निघालं होतं. ते पालकसभेच्या दिवशी नेहमी निघायचं. मी मुलीला घेऊन बसले. व्हरांड्यात ऊन आलं होतं. मी मान जरा मागे टेकवली. तिथे लोड होता. एवढंच मला आठवतं.

जाग आली तेव्हा ऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं. माझ्या मांडीवर चार दप्तरं होती. लोकांनी मला बाकावर गुंडाळून ठेवलेलं काहीतरी समजून त्यावर सामान ठेवलं होतं. कोटाच्या डाव्या पदराखाली एक दोन वर्षांचं मूल अंगठा तोंडात घालून झोपलं होतं. ते माझं नव्हतं. त्या मुलाची आई, जिला मी जन्मात पाहिलं नव्हतं, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून घोरत होती. तिने मानेखाली माझ्याच लोडाचं उरलेलं टोक घेतलं होतं.

समोर माझी मुलगी हातात कागद घेऊन उभी होती.

"सभा झाली," ती म्हणाली.

"झाली म्हणजे? कुणी केली?"

"मी. आपला नंबर आला. टीचर बाहर आल्या. म्हणाल्या, जगाना ठीक नहीं लग रहा. मग मला म्हणाल्या, तूच आ जा."

तिने सगळं सविस्तर सांगितलं. ती आधी पालकांच्या खुर्चीवर बसली. बाईंनी सांगितलं की मुलगी हुशार आहे पण वर्गात फार बोलते. माझ्या मुलीने सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "घर पर भी यही हाल है." मग बाईंनी विचारलं की मुलीचं यावर काय म्हणणं आहे. ती उठून विद्यार्थ्यांच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली की ती प्रयत्न करेल. मग परत खुर्चीवर येऊन तिने पालक म्हणून सही केली. मी कागद पाहिला. माझी सही माझ्यापेक्षा चांगली आली होती.

मला रडावं की हसावं कळेना. शेजारची बाई जागी झाली. तिने आधी मूल चाचपलं, मग मला. मग माझ्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून अगदी हळू आवाजात विचारलं, "ये कहाँ से लिया?"

ती एका बँकेत नोकरी करत होती. सासू आजारी, मूल दोन वर्षांचं, मोठा पहिलीत. नंतर तिने मला सांगितलं की त्या मुलाच्या जन्मापासून ती एवढी सलग कधी झोपली नव्हती. सोमवारी ती सोडाल्याला गेली. मंगळवारी भाभीजी स्वतःसाठी गेल्या. पुढच्या पंधरवड्यात व्हॅनपाशी उभ्या राहणाऱ्या सोळा बायकांपैकी बऱ्याच जणींनी कोट शिवायला टाकला, आणि बँकवालीला आणि मला धरून कोटवाल्या बारा झाल्या.

मी एकदा बाही उसवली म्हणून गेले होते, तेव्हा मास्टरजींची पद्धत पाहिली. आता ते छाती-कंबर काही मापत नव्हते. समोर बाई आली की डोळे मिटून विचारायचे, "कितने घंटे सोती हैं?"

"पाँच," एक जण म्हणाली.

"बीच में उठना पड़ता है?"

"दो बार."

"तो सवा किलो," मास्टरजी वहीत लिहून घ्यायचे. तेवढा कापूस भरायचा. सहा तास झोपणारीला एक किलो. साडेचार तासांवाल्या एका बाईकडे त्यांनी डोळे उघडून पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आप बैठ जाइए." ती बसली आणि तिथेच कापसाच्या ढिगाला टेकून झोपली. तिचा कोट तिच्या झोपेतच बेतला गेला. ती उठून घरी गेली तेव्हा केसांत कापूस होता आणि चेहऱ्यावर एक प्रकारचं तेज होतं.

फेब्रुवारी लागला तसा आमचा व्हॅनचा कोपरा वाळत घातलेल्या बिछान्यांसारखा दिसायला लागला. लाल, हिरवे, मोरपंखी, हत्तींच्या रांगा असलेले, आंब्याच्या कोयऱ्यांचे. प्रत्येकीने आपापल्या हौसेने कापड निवडलं होतं. येणारे-जाणारे लोक गाडी हळू करून बघायचे. खोटं कशाला सांगू, आम्ही देखण्या दिसायचो. आणि आम्ही झोपायचो. व्हॅन गेली की दोन-तीन जणी भिंतीला टेकून उभ्या उभ्या दहा मिनिटं डोळे मिटायच्या. बाकीच्या त्यांच्या अंगावरून स्कूटर जाणार नाही याकडे बघायच्या.

गडबड झाली ती शाळेच्या वार्षिक समारंभात. मैदानावर मंडप होता, सकाळची वेळ, समोर खुर्च्या. आम्ही बारा जणी तिसऱ्या रांगेत बसलो. पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. पाचव्या मिनिटाला आमची रांग संपूर्ण झोपली. मला हे भाभीजींच्या मोठ्या मुलीने नंतर सांगितलं. पाहुणे सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आधी आवाज कमी केला, मग माइकपासून दूर सरकले, आणि शेवटी जवळजवळ कुजबुजत बक्षिसं वाटली. बक्षीस घेणारी मुलं चवड्यांवर चालत मंचावर आली. घूमर नाचणाऱ्या मुलींनी घुंगरू हातात धरून नाच केला. लोकांना वाटलं, नवीन प्रकार आहे.

दोन दिवसांनी मुलांच्या डायरीत पालकांसाठी शाळेची सूचना आली. 'अभिभावकों से निवेदन है कि विद्यालय परिसर में बिस्तर न लाएँ.'

बिस्तर! बारा जणी संतापल्या. बँकवाल्या बाईने उत्तर लिहिलं की आम्ही बिस्तर आणत नाही, आम्ही कपडे घालून येतो, आणि शाळेला आम्ही कपडे घालून यायला नको असेल तर तसं स्पष्ट लिहावं. हे पत्र गेल्यावर प्राचार्यबाईंनी आम्हाला भेटायला बोलावलं. आमच्याकडून मी, भाभीजी आणि बँकवाली बाई गेलो. सोबत मास्टरजींना नेलं, कारण वस्तू त्यांची होती. माझी मुलगी मधल्या सुट्टीत दाराशी येऊन उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण पालकसभेपासून शाळेच्या कारभारात आपलंही मत आहे असं तिला वाटायला लागलं होतं.

प्राचार्यबाई पन्नाशीच्या, इस्त्रीच्या साडीतल्या, अतिशय नीटनेटक्या. त्यांनी टेबलावर माझा कोट पसरायला सांगितला. टेबल झाकलं गेलं, टेलिफोनही झाकला गेला.

"ये रजई है," त्या म्हणाल्या.

मास्टरजी हात जोडून उठले. "मैडम, पचास साल से रजई बना रहा हूँ. जिसमें बटन हो वो कपड़ा, जिसमें बटन ना हो वो बिस्तर. इसमें छह बटन हैं."

प्राचार्यबाईंनी बटणं मोजली. सहा होती. त्या विचारात पडल्या. मग त्यांचं म्हणणं असं पडलं की प्रश्न बटणांचा नाही, झोपेचा आहे. या वस्तूने झोप येते, आणि झोप आणणारी वस्तू शाळेत चालणार नाही.

"पहनकर देखिए," भाभीजी म्हणाल्या.

प्राचार्यबाईंनी खरंच कोट घातला. सहाही बटणं लावली आणि आपल्या खुर्चीत टेकून बसल्या. आम्ही श्वास रोखून बघत राहिलो. घड्याळ टिकटिकत होतं. शिपाई एक फाइल घेऊन आला, त्याला बँकवालीने ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. प्राचार्यबाईंचे डोळे टक्क उघडे होते.

"मुझे तो नहीं आ रही," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात नाराजी होती, जणू सगळ्यांना वाढलेलं काहीतरी त्यांच्या पानात पडलं नव्हतं.

मास्टरजींनी डोळे मिटून विचारलं, "मैडम कितने घंटे सोती हैं?"

"आठ." मग जरा थांबून, "कभी-कभी नौ. बेटा बाहर पढ़ता है. घर में हम दो ही हैं."

"तो कहाँ से आएगी," मास्टरजी म्हणाले. "आपकी पूरी हो चुकी है. इनकी बाकी है. कपड़े का इसमें कोई दोष नहीं."

मी इतके दिवस त्या कोटाला हसत होते, नवरा हसत होता, आणि या म्हाताऱ्या माणसाने पहिल्या दिवसापासून तो अगदी गंभीरपणे शिवला होता. प्राचार्यबाईंनी एकेक बटण काढलं, कोटाची घडी घातली आणि माझ्या हातात दिला. मग त्यांनी त्यांच्या स्वभावाप्रमाणे नियम केला. कोट चालेल, पण शाळेच्या कुठल्याही कार्यक्रमात प्रत्येक रांगेत किमान एक आई जागी असली पाहिजे. तिने छातीवर बिल्ला लावायचा. पाळ्या आमच्या आम्ही ठरवायच्या.

आम्ही कागद काढून पाळ्या लावायला बसलो आणि लगेच भांडायला लागलो. पहिली जागी कोण राहणार? बँकवाली म्हणाली, तिचं मूल लहान आहे. भाभीजी म्हणाल्या, त्यांच्याकडे दीर राहायला आलेत. मी म्हटलं, माझ्या दोन बॅचेस असतात. दाराशी उभी असलेली माझी मुलगी आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. तिला खरोखरच काही कळत नव्हतं.

"पर मैम," ती शेवटी म्हणाली, "पापा लोग जाग सकते हैं ना?"

प्राचार्यबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग आमच्याकडे. आम्ही तिघींनी एकमेकींकडे. हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. गणित शिकवणाऱ्या बाईच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी नवी सूचना आली. यापुढे क्रीडादिन, पालकसभा आणि निकाल यांना वडिलांनी यावं आणि जागं राहावं. बिल्ल्यावर पिवळ्या अक्षरांत 'जाग्रत अभिभावक' असं छापलं होतं. माझ्या नवऱ्याने सूचना तीनदा वाचली.

"माझं त्या दिवशी ऑफिसचं काम निघालं तर?"

"तर शाळा तुझ्या ऑफिसला पत्र पाठवणार आहे," मी म्हटलं. हे मी बनवून सांगितलं होतं, पण तो गेला.

क्रीडादिनाहून तो दुपारी घरी आला तो सोफ्यावर आडवाच झाला. बिल्ला छातीवर तसाच. तीन तास उन्हात बसून त्याने शंभर मीटर, तीन पायांची शर्यत आणि लिंबू-चमचा असं सगळं पाहिलं होतं. मुलाला पळताना धाप लागते हे त्याला पहिल्यांदाच कळलं होतं, आणि मुलाच्या बुटाचा तळ सुटलाय हेही. "हे तुला माहीत होतं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "बूट कालच शिवायला टाकायचे होते." तो सोफ्यावरून उठला. मग स्वतःच ते बूट घेऊन बाहेर गेला.

त्यानंतर त्याने एक गोष्ट केली, जी त्याने मला सांगितली नाही, मास्टरजींनी सांगितली. तो ऑफिसमधून परस्पर सोडाल्याला गेला आणि स्वतःसाठी कोट मागितला. करड्या रंगाचा, साधा, ऑफिसला चालेल असा. मास्टरजींनी डोळे मिटून नेहमीचा प्रश्न विचारला. नवरा खरं बोलणारा माणूस आहे. "सात. रविवार को आठ-नौ."

"साहब," मास्टरजी म्हणाले, "आप स्वेटर ले लीजिए."

होळीनंतर ऊन तापायला लागलं. एका आठवड्यात सगळ्या कोटांना गच्चीवर ऊन दाखवून, घडीत कडुलिंबाची पानं घालून, आम्ही ते पेट्यांत ठेवले. व्हॅनच्या कोपऱ्यावर आता सुती कुडते आले. आम्ही एकमेकींना बऱ्याच दिवसांनी कोटांशिवाय बघितलं आणि सगळ्यांचं थोडं थोडं वजन वाढलंय हे सगळ्यांच्या लक्षात आलं. उन्हाळ्यासाठी मी मास्टरजींकडून पांढऱ्या सुती कापडाचा एक लांब कुडता शिवून घेतला. या वेळी प्रत्येक शब्द तोलून बोलले. हवा लागेल असा, एवढंच म्हटलं. नंतर घरी येऊन हिंदीत आपण नेमकं काय म्हटलं ते मुलीला विचारून खात्री करून घेतली.

शाळेचा नियम मात्र कुणी मागे घेतला नाही. कदाचित प्राचार्यबाई विसरल्या असतील. निकालाच्या दिवशी सकाळी नवरा चष्मा विसरून गेला, म्हणून क्लासला जाता जाता मी शाळेत डोकावले. व्हरांड्यात बाकावर नऊ-दहा बाबा ओळीने बसले होते, सगळ्यांच्या छातीवर पिवळा बिल्ला. माझा नवरा मधोमध होता. शेजारचे एक गृहस्थ त्याला विचारत होते की पराठ्यात मुळा भरताना पाणी सुटतं, ते तुम्ही पिळून घेता की आधी मीठ लावून ठेवता. नवरा म्हणाला, आधी मीठ, मग पिळायचं, आणि ते पाणी फेकायचं नाही, त्यातच कणीक मळायची. दोघा-तिघांनी ते मोबाईलवर लिहून घेतलं.

मी खांबापाशी उभी राहून ऐकलं. त्याला हे कधीपासून माहीत होतं, देव जाणे. मग चष्मा शिपायाच्या हाती दिला आणि निघाले. माझी नवी बॅच साडेदहाची होती, आणि त्या दिवशी वर्तुळ शिकवायचं होतं.